नावाचा सातबारा



धुरा हातभर सरकला तर आपण तहसील गाठतो. सातबाऱ्यावर बापाचे नाव चुकले तर तलाठ्याकडे वर्षभर खेटे घालतो. जमिनीच्या कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. पण त्याच जमिनीतून निघालेला माल ज्या नावाने बाजारात विकला जातो ते नाव कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्या बैठकांत कधी निघत नाही. माल आमचा, घाम आमचा, कर्ज आमचे. नाव मात्र ज्याने शिक्का मारला त्याचे. आणि बाजाराचा नियम असा की भाव मालापेक्षा नावाला अधिक मिळतो. घामाचे दाम मागणाऱ्या आपल्या चळवळीला या नावाच्या दामाचा हिशेबही आता मांडावा लागेल.

या हिशेबाचे सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शेती जेमतेम दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि पाच-सहा वर्षे निवड करीत बारीक दाण्याचे, चवदार, उताऱ्याला चांगले असे धान तयार केले. त्याला त्यांनी नाव ठेवले नव्हते. १९९०च्या सुमारास ते धान व्यापाऱ्याच्या हाती गेले. एच.एम.टी.चे घड्याळ मनगटावर असणे ही तेव्हा ऐट होती. व्यापाऱ्याने त्या धानाला तेच नाव देऊन टाकले. पाहता पाहता हे धान पूर्व विदर्भातून छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र-तेलंगणापर्यंत पसरले. लाखो ताटांत एच.एम.टी.चा भात वाढला गेला. ज्याने धान तयार केले त्याच्या पदरात त्या नावापोटी एक पैसा पडला नाही.

ते दिवस आठवा. डंकेल प्रस्तावावरून देशभर रान उठले होते. परदेशी कंपन्या आमचे बियाणे पळवून नेतील अशी हाकाटी चालली होती. १९९४ साली गॅट करारावर सह्या झाल्या. त्याच १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' या नावाने वाण प्रसिद्ध केला. आम्ही वाण शुद्ध केला, असे विद्यापीठाचे म्हणणे. ते धरून चालू. तरीही प्रश्न उरतोच. त्या नावात विद्यापीठाची अक्षरे आली, घड्याळाच्या कारखान्याची अक्षरे आली, दादाजींचे एक अक्षर का आले नाही? डंकेलने दादाजींना लुटले नाही. लुटायला इथलीच व्यवस्था पुरेशी होती. पुढे २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कार झाला, २०१० साली 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आले, आणि ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले ते हलाखीतच. सत्काराची शाल आणि मालकीचा कागद यांत किती अंतर असते, हे यावरून ओळखावे.

बियाण्यावरचा हक्क आणि नावावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता यावा म्हणून २००१ साली स्वतंत्र कायदा झाला. तो दादाजींच्या धानानंतर दहा-अकरा वर्षांनी आला. नावाचा कायदा मात्र देशात त्याआधीपासून होता. १९५८चा जुना कायदा जाऊन १९९९चा व्यापारचिन्ह कायदा आला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून तो लागू आहे. बाजारात ज्याला आपण मार्का किंवा छाप म्हणतो, त्याचा हा सातबारा. आज कोणी 'एच.एम.टी. तांदूळ' हे नाव एकट्याच्या मालकीचे म्हणून नोंदवायला गेला, तर ते मिळणे कठीण. कारण व्यापारात सर्रास रुळलेले नाव कायदा कोणा एकाला देत नाही. म्हणजे नाव वेळेवर नोंदवले नाही तर ते गायरान होते. मग त्यात कोणीही गुरे सोडतो.

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपन्याचा कापूसवाला म्हणेल, ही धानपट्ट्याची गोष्ट झाली, आमचे काय? आमचेही तेच, आणि त्याहून जुने. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट आणि उमरावती ही नावे भावाच्या यादीत होती. वरोऱ्याला रेल्वे आली ती कोळशासाठी आणि कापसासाठी. हिंगणघाटचा धागा चांगला म्हणून त्याला भाव चढा. पण नावाचा कोणी मालक नव्हता. मग त्या नावाखाली आखूड धाग्याचा कापूस मिसळला जाऊ लागला आणि नाव पडले. नाव पडल्याचा तोटा कोणाला झाला? मिसळणाऱ्याने तर नफा काढून घेतला होता. तोटा पेरणाऱ्याला झाला.

पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली आणि तीस वर्षे आपला सगळा कापूस सरकारी गंजीत एकजीव झाला. कोणत्या गावचा, कोणाच्या वावरातला, कसा वेचलेला, हे विचारायची सोयच राहिली नाही. आज खरेदी खुली आहे. पण गाठीवर मार्का असतो तो जिनिंग-प्रेसिंगवाल्याचा. सुताचा मार्का गिरणीचा, शर्टाचा मार्का आणखी कोणाचा. गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपान तोडणाऱ्याचे याहून वेगळे नाही. पान त्याचे, बिडीच्या कट्ट्यावरची छाप कारखानदाराची. ज्वारीवाल्याने मात्र एक उदाहरण घालून दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या शेजारी समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला मिळाले, भिवापूरच्या मिरचीला मिळाले. म्हणजे हे काम कोरडवाहू माणसाला झेपणारे नाही, असे कोणी म्हणू नये.

आता परदेशाचे पाहू. एका देशातला सातबारा दुसऱ्या देशात चालत नाही, तशी मार्क्याची नोंदही सीमेवर थांबते. याचा ताजा दाखला कोल्हापुरी चपलेचा. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी २०१९ साली तिला मानांकन मिळाले. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने तसल्याच चपला कोल्हापूरचे नाव न घेता फॅशनच्या मंचावर आणल्या. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने हे भारतीय कारागिरांच्या परंपरेतून आले असल्याचे मान्य केले. गदारोळाने मान्यता मिळाली, कागदाने नव्हे; कारण आपला कागद इटलीत लागू नव्हता. प्रत्येक वेळी गदारोळ होईलच असे नाही. आपल्या कापसासाठी किंवा ज्वारीसाठी तो कोण करणार?

मग प्रत्येक देशात जाऊन, तिथला वकील करून, तिथल्या भाषेत, वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरायची काय? पूर्वी तोच एक मार्ग होता, म्हणून तो फक्त मोठ्या कारखानदारांचा होता. आता दुसरा मार्ग आहे. स्पेनच्या माद्रिद शहरात १८९१ साली काही देशांनी यासाठी एक करार केला. १९८९ साली त्याला जोड म्हणून 'माद्रिद प्रोटोकॉल' झाला आणि १९९६ पासून त्याखाली काम सुरू झाले. भारत त्यात उशिरा, ८ जुलै २०१३ रोजी सामील झाला. आज सव्वाशेहून अधिक देश या व्यवस्थेखाली येतात. एक अर्ज, एक भाषा, एका ठिकाणी भरलेली फी, आणि त्यातून हवे तितके देश मागता येतात. ही व्यवस्था जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना चालवते.

याचे काम कसे चालते ते आपल्या भाषेत सांगतो. आधी आपल्या देशात त्या नावाचा अर्ज किंवा नोंद असली पाहिजे. तो पाया. त्या पायावर आपल्याच व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयामार्फत अर्ज करायचा. नाव तेच, मालक तोच, माल तोच किंवा त्याहून कमी. कार्यालय ते तपासून जिनिव्हाला पाठवते. जिनिव्हा कागद पाहते, आपल्या पुस्तकात नोंद करते आणि मागितलेल्या प्रत्येक देशाला कळवते. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. जिनिव्हात नोंद झाली म्हणजे जगभर हक्क मिळाला असे नाही. 'जागतिक ट्रेडमार्क' नावाची वस्तू अस्तित्वात नाही, आणि तो काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. प्रत्येक देशाचा तलाठी आपल्या कायद्याने फेरफार तपासतो. आक्षेप घ्यायचा तर त्याने बारा महिन्यांत, काही देशांत अठरा महिन्यांत, घेतला पाहिजे. मुदतीत नकार आला नाही, तर त्या देशात तिथेच नोंदवल्यासारखा हक्क मिळतो. नोंद दहा वर्षांची. नूतनीकरण सगळ्या देशांचे एकदम. पत्ता बदलला, मालक बदलला, तर दुरुस्तीही एकदाच.

आता खर्च. इथे नोंद करायला एखाद्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी संगणकावरून अर्ज केल्यास ४५०० रुपये लागतात, मोठ्या कंपनीला ९००० रुपये. परदेशी अर्जाला इथल्या कार्यालयाची हाताळणी फी ५००० रुपये. जिनिव्हाची मूळ फी काळ्या-पांढऱ्या मार्क्याला ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत मार्क्याला ९०३. ६५३ फ्रँक म्हणजे आजच्या दराने सत्तर हजार रुपयांच्या आसपास. त्यावर प्रत्येक देशाचे १०० फ्रँक किंवा तो देश ठरवेल ती फी. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने याचा विचारही करू नये. पण पाचशे सभासदांच्या शेतकरी कंपनीला हा आकडा माणशी दोन-तीनशे रुपयांच्या घरात पडतो. लग्नातल्या एका आहेराइतका.

या व्यवस्थेतले खड्डेही सांगणे आमचे काम आहे. पहिला खड्डा पाच वर्षांचा. पहिली पाच वर्षे परदेशातले सगळे हक्क इथल्या नोंदीच्या खुंटीला टांगलेले असतात. इथली नोंद कोणी पाडली, तर तिकडची सगळी पडते. म्हणून इथला पाया पक्का झाल्याशिवाय पुढे धावू नये. दुसरा खड्डा यादीचा. सगळे देश यात नाहीत. तुमचा माल ज्या देशात जातो तोच देश यादीत आहे की नाही, हे फी भरण्याआधी पाहावे. तिसरा, एखाद्या देशाने नकार दिला तर तिथला वकील करावा लागतो, आणि तो खर्च वरच्या हिशेबात नाही. चौथा, न वापरलेला मार्का टिकत नाही. आपल्याकडे सलग पाच वर्षे वापर नसेल, तर कोणीही अर्ज करून तो खोडून घेऊ शकतो. माल जात नसलेल्या वीस देशांत नाव नोंदवून भिंतीवर प्रमाणपत्रे लावणे हा पाटीलकीचा शौक झाला; शेतकऱ्याचा धंदा नव्हे.

पण आळसातही धोका आहे. आपल्या कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्याला काही संरक्षण आहे. चीनसारख्या देशात जो आधी अर्ज करतो त्याचे नाव, असा नियम. म्हणजे तुमचा माल तिकडे पोचला, नाव झाले, आणि तिकडच्याच व्यापाऱ्याने तुमचे नाव स्वतःच्या नावावर चढवले, तर तुमच्याच मालाला तुमच्याच नावाने तिथे दार बंद.

नावाचा मालक शेतकरी असू शकतो का? असू शकतो, अमेरिकेत आहे. तिथे पिमा जातीचा लांब धाग्याचा कापूस पिकवणाऱ्यांनी १९५४ साली संघ काढला आणि 'सुपिमा' हा मार्का केला. मार्का कापूस पिकवणाऱ्यांच्या संघाचा. गिरण्या, कपडेवाले तो परवाना घेऊन वापरतात. आपल्याकडे ७ ऑक्टोबर २०२० रोजी 'कस्तुरी कॉटन' हे भारतीय कापसाचे नाव जाहीर झाले. गाठ कोठून आली हे शोधता यावे अशी त्यात सोय केली आहे. चांगली गोष्ट. पण ते चालवतात कोण? वस्त्रोद्योग मंत्रालय, कापूस महामंडळ आणि सुती कापडाच्या निर्यातदारांची परिषद. कस्तुरीचा वास मृगाच्या नाभीतला, आणि कुपी मात्र अत्तरवाल्याच्या हाती. त्या नावामुळे गाठीला चार पैसे जास्त मिळाले, तर त्यातला किती वाटा वेचणाऱ्या-पेरणाऱ्यापर्यंत येतो, हा हिशेब आपण जाहीरपणे मागितला पाहिजे.

आणि एक कटू गोष्ट. नावाचा मालक व्हायचे, तर नावाची अब्रूही सांभाळावी लागते. २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने भारतातल्या एका मोठ्या पुरवठादाराशी व्यवहार तोडला. कारण इजिप्तच्या कापसाच्या म्हणून विकलेल्या चादरी त्या कापसाच्या नव्हत्या. आज कापसाला पाणी मारले, गाठोड्यात प्लास्टिकचे तुकडे राहिले, तर आपण म्हणतो व्यापारी पाहून घेईल. तो पाहून घेतोच. सगळ्यांचाच भाव पाडून घेतो. उद्या गाठीवर आपलेच नाव असेल, तेव्हा पाणी मारणारा आपल्याच कोठाराला भोक पाडत असेल. हे सांगण्याची हिंमत ज्या गावात नाही, त्या गावाने मार्क्याच्या भानगडीत पडू नये.

तेव्हा या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने काही कामे घ्यावीत असे आम्ही सुचवतो.

एक. नाव एका माणसाच्या नावावर नको. दहा शेतकरी मिळूनही उत्पादक कंपनी काढता येते. २००२ पासून कायद्यात तशी सोय आहे. मार्का त्या कंपनीच्या मालकीचा असावा. अनेक गटांना मिळून वापरायचा असेल, तर सामूहिक मार्क्याचीही तरतूद कायद्यात आहे. आणि लक्षात ठेवा, कंपनीची नोंदणी झाली, जी.एस.टी. क्रमांक मिळाला, म्हणजे नावाची नोंद झाली असे नाही. ती वेगळी करावी लागते.

दोन. नाव निवडताना 'उत्तम', 'शुद्ध' असली विशेषणे किंवा नुसते गावाचे नाव घेऊ नये. अशा नावांना नोंद सहसा मिळत नाही. नवे, सोपे, परक्याच्या जिभेलाही वळेल असे नाव घ्यावे. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या यादीत ते दुसऱ्या कोणाचे नाही ना, हे पाहावे.

तीन. मालाचा वर्ग बरोबर लिहावा. सगळ्या मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. घड्याळ १४व्या वर्गात, तांदूळ ३०व्या. म्हणून एकच नाव दोन मालांवर दोन मालकांचे असू शकते. रुई २२व्या वर्गात, सूत २३व्या, कापड २४व्या, तयार कपडे २५व्या. ज्वारीचे दाणे ३१व्या, ज्वारीचे पीठ ३०व्या. रुईवर नाव घेतले आणि सूत विकायला लागलात, तर ती नोंद पुरायची नाही.

चार. अर्ज प्रसिद्ध झाला की चार महिने आक्षेपाची मुदत असते. ती आपल्यालाही लागू आहे. आपल्या भागाच्या मालाचे नाव कोणी उपटसुंभ स्वतःच्या नावावर चढवत असेल, तर याच चार महिन्यांत हरकत घ्यायची. जिल्ह्यातल्या दोन शिकल्या मुलांनी दर आठवड्याला निघणारे व्यापारचिन्हांचे राजपत्र चाळण्याचे काम अंगावर घ्यावे. बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरातच आहे. मुलांना तिथे धाडावे.

पाच. भौगोलिक मानांकन आणि मार्का यांत गल्लत नको. मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे, ते विकता येत नाही. ते माद्रिदच्या वाटेने परदेशात जात नाही. परदेशी जायचे तर त्याच गटाला सामूहिक किंवा प्रमाणन मार्का वेगळा घ्यावा लागतो. ज्यांच्या भागाला मानांकन मिळाले आहे त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव आधी चढवावे, नाहीतर मानांकन गावाला आणि फायदा व्यापाऱ्याला, अशी गत होईल.

सहा. इथली नोंद पक्की झाली, माल ठरल्या दर्जाचा निघू लागला आणि परदेशी गिऱ्हाईक खरोखर उभे राहिले, की मग माद्रिदचा अर्ज. तोही दोन-तीनच देशांचा. नंतर देश वाढवता येतात. तशी सोय आहे.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. अनुदानाचे गाजर नको. शेतकरी कंपनीचा परदेशी नोंदणीचा अर्ज इथल्या कागदपत्रांत अडकून पडू नये, आणि शेतकऱ्यांच्या मालाच्या नावावर सरकारी वा निमसरकारी संस्थांनी परस्पर मालकी सांगू नये. बाकीचे आम्ही पाहून घेऊ.

जग खुले झाले, याचे आम्हाला भय नव्हते आणि नाही. खुल्या बाजारात जो नाव घेऊन उतरतो त्याला गिऱ्हाईक नावाने हाक मारते. जो बिननावाचा उतरतो त्याला अडत्या हर्रासात उभा करतो. शंभर वर्षे आपण हर्रासात उभे राहिलो. या बैठकीतून घरी जाताना प्रत्येक तालुक्याने एक माल, एक नाव आणि अर्जावर सही करणारी दहा माणसे ठरवूनच उठावे. पुढच्या बैठकीत आम्ही भाषणे मोजणार नाही, अर्जांचे क्रमांक विचारणार आहोत.